सहा इंच की आठ इंच? केकचा टिन बदलला की मिश्रण आणि वेळ किती बदलते, समजून घ्या

६ इंच आणि ८ इंच या दोन टिनमध्ये फरक किती? दिसायला फक्त दोन इंचांचा. पण ६ इंचांच्या टिनला जेवढे मिश्रण लागते, त्याच्या जवळपास पावणेदोन पट मिश्रण ८ इंचांच्या टिनला लागते. घरगुती केकच्या अनेक तक्रारींचे मूळ या एका आकड्यात आहे. केक मध्यभागी कच्चा राहिला, मिश्रण उतू गेले, केक पोळीसारखा चपटा झाला किंवा कडा करपल्या, की आपण मैद्याला, बेकिंग पावडरला किंवा ओव्हनला दोष देतो. प्रत्यक्षात पाककृती एका टिनची असते आणि घरात टिन दुसराच असतो.

वाढदिवसाला घरीच केक करणाऱ्यांसाठी हा लोणी-अंड्यांच्या खर्चाचा आणि ऐन वेळच्या फजितीचा प्रश्न आहे. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी तर तो थेट कमाईचा प्रश्न आहे. त्यामागचे गणित शाळेतलेच आहे. ते कसे वापरायचे, ते पाहू.

दोन इंचांनी एवढा फरक का पडतो?

टिनमध्ये किती मिश्रण मावणार, हे त्याच्या तळाच्या क्षेत्रफळावर ठरते. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे व्यास थोडा वाढला तरी क्षेत्रफळ बरेच वाढते. गोल टिनच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण असे असते :

- ६ इंच : २८ चौरस इंच
- ७ इंच : ३८ चौरस इंच
- ८ इंच : ५० चौरस इंच
- ९ इंच : ६४ चौरस इंच
- १० इंच : ७९ चौरस इंच

म्हणजे ६ इंचांचे दोन टिन मिळून ८ इंचांच्या एका टिनपेक्षा थोडे जास्तच भरतात. आणि १० इंचांचा टिन ७ इंचांच्या दोन टिनपेक्षाही मोठा असतो.

चौकोनी टिनचे काय? बाजू आणि व्यास सारखा असेल, तर चौकोनी टिन गोल टिनपेक्षा साधारण २७ टक्क्यांनी मोठा असतो, कारण चार कोपऱ्यांची जागा जास्तीची मिळते. लक्षात ठेवायला सोपा नियम असा : चौकोनी टिन त्याच्यापेक्षा एक इंच मोठ्या गोल टिनच्या बरोबरीचा. ७ इंची चौकोनी म्हणजे जवळपास ८ इंची गोल. ८ इंची चौकोनी म्हणजे जवळपास ९ इंची गोल. या जोड्यांमध्ये अदलाबदल करताना प्रमाण बदलण्याची गरज नाही.

आपल्याकडचा टिन नेमका किती इंचांचा, हे कसे ओळखायचे?

दुकानात सांगितलेला आकार आणि प्रत्यक्षातला आकार यात अनेकदा अर्ध्या इंचाचा फरक असतो. काही टिनचा काठ बाहेर वळवलेला असतो, तर काहींच्या बाजू तिरप्या असतात. म्हणून पट्टी टिनच्या आतल्या बाजूने, एका काठापासून समोरच्या काठापर्यंत धरा. बाजू तिरप्या असतील तर वरचे आणि तळाचे माप घेऊन त्यांची सरासरी काढा.

उंचीही मोजा. बाजारात २ इंच आणि ३ इंच अशा दोन्ही उंचीचे टिन मिळतात. ६ इंची टिन ३ इंच उंच असला, तरी त्यात ८ इंची आणि २ इंच उंच टिनपेक्षा कमीच मिश्रण मावते.

हृदयाच्या आकाराचा, फुलाचा किंवा मध्ये नळी असलेला टिन असेल तर पट्टी उपयोगाची नाही. तिथे पाणी वापरा. रिकामा टिन वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि टिन काठापर्यंत पाण्याने भरा. जितके ग्रॅम वजन येईल, तितकी मिलिलिटर त्याची क्षमता. तळ निघणारा टिन असेल तर आत प्लास्टिकची पिशवी पसरून मग पाणी भरा. तुलनेसाठी २ इंच उंचीच्या गोल टिनची क्षमता अशी :

- ६ इंच : सुमारे ९२५ मिलिलिटर
- ७ इंच : सुमारे १,२५० मिलिलिटर
- ८ इंच : सुमारे १,६५० मिलिलिटर
- ९ इंच : सुमारे २,१०० मिलिलिटर

यातली अर्धी ते दोन तृतीयांश जागाच मिश्रणाने भरायची असते. उरलेली जागा केक फुगण्यासाठी. अर्ध्यापेक्षा कमी भरले तर केक बसका होतो आणि उंच कडांमुळे वरून नीट भाजला जात नाही. पाऊण भागाच्या वर भरले तर मिश्रण बाहेर येण्याची शक्यता असते.

प्रमाण कितीने गुणायचे?

नव्या टिनच्या व्यासाचा वर्ग भागिले जुन्या टिनच्या व्यासाचा वर्ग, एवढेच सूत्र आहे. केकची जाडी आधीइतकीच ठेवायची असेल तर पाककृतीतल्या प्रत्येक जिन्नसाला या आकड्याने गुणायचे. नेहमी लागणारे आकडे असे :

- ८ इंचांची पाककृती ६ इंचांत : ०.५६
- ८ इंचांची ७ इंचांत : ०.७७
- ८ इंचांची ९ इंचांत : १.२७
- ८ इंचांची १० इंचांत : १.५६
- ६ इंचांची ७ इंचांत : १.३६
- ६ इंचांची ८ इंचांत : १.७८
- ७ इंचांची ८ इंचांत : १.३१

एक उदाहरण घेऊ. ८ इंचांच्या साध्या स्पंजसाठी मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी २०० ग्रॅम आणि ४ अंडी लागतात, असे समजा. तोच केक ६ इंचांत करायचा आहे. २०० ला ०.५६ ने गुणले की ११२ ग्रॅम. ४ अंड्यांची होतात सव्वादोन. पाव अंडे कसे घ्यायचे? सोपा मार्ग म्हणजे २ अंडी घ्यायची आणि उरलेल्या ओलाव्यासाठी चमचाभर दूध घालायचे. नेमकेपणा हवा असेल तर अंडी फोडून, फेटून त्यांचे वजन करायचे आणि लागेल तेवढेच घ्यायचे. याच कारणासाठी टिन बदलताना वाटी-कपापेक्षा वजनकाटा जास्त उपयोगी पडतो. '०.५६ वाटी' मोजता येत नाही, ११२ ग्रॅम मोजता येतात.

बेकिंग पावडर आणि सोडाही घरगुती मापात याच पटीत बदलतात. केक दुप्पट करताना सोडा अंदाजाने 'थोडा जास्तच' टाकण्याची सवय मात्र सोडा. जास्त सोड्याने केक भराभर फुगतो, मध्ये बसतो आणि चवीला साबणासारखा लागतो.

वेळ कशावर ठरते?

सर्वात जास्त गल्लत इथे होते. मिश्रण दुप्पट झाले म्हणजे वेळही दुप्पट, असे नसते. वेळ प्रामुख्याने मिश्रणाच्या जाडीवर ठरते.

ओव्हनमधली उष्णता केकच्या तळातून, बाजूंमधून आणि वरून आत शिरते. सर्वात शेवटी ती मध्यभागी पोहोचते. फेटलेले मिश्रण हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असते आणि हवा उष्णता सावकाश वाहून नेते. त्यामुळे थर जितका जाड, तितका मध्यभाग शिजायला उशीर. निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जाडी दुप्पट झाली की आत उष्णता पोहोचायला चौपट वेळ लागतो. ओव्हनमध्ये इतरही घटक असल्याने प्रत्यक्षात वाढ तेवढी होत नाही, पण ती भरपूर असते.

दरम्यान कडेचा भाग थांबत नाही. तो आधी तापतो, त्यातली अंड्याची प्रथिने आणि पिठातला स्टार्च आधी घट्ट होतो. मध्यभाग मात्र अजून पातळ असतो आणि फुगत राहतो. वर डोंगर तयार होऊन त्याला तडा जातो तो यामुळे. आणि मध्यभाग घट्ट होण्याआधीच केक बाहेर काढला, तर आधार नसल्याने तो खाली बसतो.

मग प्रत्यक्षात वेळ किती धरायची?

पाककृती ८ इंचांच्या टिनसाठी, १८० अंश सेल्सिअसला ३५ मिनिटांची आहे असे धरू. तीन शक्यता असतात.

१. प्रमाण बदलले, जाडी तीच ठेवली : वेळ फारशी बदलत नाही. ६ इंचांच्या टिनमध्ये बाजू मध्यभागाच्या जवळ असतात, म्हणून २७-२८ मिनिटांपासून तपासायला लागा. ९ किंवा १० इंचांच्या टिनमध्ये मध्यभाग लांब असतो. तिथे तापमान १० अंशांनी कमी करून ५ ते १० मिनिटे जास्त धरा.

२. मिश्रण तेच, टिन मोठा : थर पातळ होतो. ८ इंचांचे मिश्रण ९ इंचांत ओतले तर जाडी सुमारे एक पंचमांशाने घटते. २५ मिनिटांपासून तपासा. १० इंचांत ओतले तर जाडी एक तृतीयांशाहून जास्त घटते. २० मिनिटांपासून लक्ष ठेवा, नाहीतर केक कोरडा पडेल.

३. मिश्रण तेच, टिन लहान : यात सर्वाधिक धोका. ८ इंचांचे मिश्रण ७ इंचांत घातले तर जाडी जवळपास एक तृतीयांशाने वाढते. टिन ३ इंच उंच असेल तरच हे करा. तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवा आणि १० ते १५ मिनिटे जास्त लागतील असे धरा. ८ इंचांचे मिश्रण ६ इंचांत मात्र घालू नका. निम्म्याहून थोडे जास्त मिश्रण टिनमध्ये घ्या आणि उरलेल्याचे सात-आठ कपकेक करा. ते १५ ते २० मिनिटांत होतात.

इराणी बेकरीतला मावा केक छोट्या कागदी कपात का मिळतो, त्याचा एक धागा इथे सापडतो. मावा आणि लोण्याने जड झालेले मिश्रण छोट्या कपात आतपर्यंत लवकर शिजते आणि मऊ राहते. तेच मिश्रण मोठ्या, खोल टिनमध्ये घातले तर तापमान उतरवून बराच वेळ द्यावा लागतो. गोव्यातला रवा-नारळाचा बाथ किंवा नाताळचा सुकामेव्याने भरलेला प्लम केक यांनाही हेच लागू होते. प्लम केक साधारण १५० ते १६० अंशांवर सावकाश भाजतात आणि टिनला आतून बटर पेपरचा दुहेरी थर देतात, ते कडा वाचवण्यासाठीच. अशा जड केकचा टिन बदलताना जाडी वाढवू नये, हे उत्तम.

टिन कशाचा आहे, याने फरक पडतो का?

पडतो. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर आणि सारखी पसरवते, म्हणून बाजारात बहुतांश टिन त्याचेच असतात. काळ्या नॉनस्टिक टिनचा गडद रंग उष्णता जास्त शोषतो आणि कडा लवकर तांबूस होतात. अशा टिनमध्ये तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवा. काचेचे भांडे तापायला वेळ घेते, पण एकदा तापले की बराच वेळ गरम राहते. तिथेही तापमान साधारण १५ अंशांनी कमी ठेवा आणि थोडा जास्त वेळ द्या. सिलिकॉनचा साचा उष्णता सावकाश आत सोडतो. त्यात केकला रंग कमी येतो आणि वेळ थोडी जास्त लागते.

मोठ्या टिनमध्ये कडा करपून मध्य कच्चा राहत असेल तर एक जुना उपाय आहे. सुती कापडाची पट्टी भिजवून, पिळून टिनच्या बाहेरून गुंडाळा. पाण्यामुळे कडा उशिरा तापतात आणि केक सपाट फुगतो. मात्र पट्टी ओव्हनच्या रॉडला किंवा गॅसच्या ज्योतीला लागणार नाही, याची खात्री करा.

ओटीजी, मायक्रोवेव्ह की कुकर?

परदेशी पाककृतीत तापमान अनेकदा फॅरनहाइटमध्ये असते. ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ ते १८० सेल्सिअस, ३२५ म्हणजे सुमारे १६०. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर यातून आणखी २० अंश वजा करा.

ओटीजी : टिन आणि भिंती यांच्यात सर्व बाजूंनी किमान एक इंच जागा हवी, म्हणजे गरम हवा फिरते. लहान ओटीजीत उंच टिनचा वरचा भाग रॉडच्या फार जवळ जातो. वरून रंग आला आणि आतून केक कच्चा असेल तर वर फॉइल सैलसर झाका. दोन टिन एकदम ठेवले तर ५ मिनिटे जास्त धरा आणि दोन तृतीयांश वेळ उलटल्यावर त्यांच्या जागा बदला.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह : धातूचा टिन फक्त कन्व्हेक्शन मोडवर वापरायचा, मायक्रोवेव्ह मोडवर नाही. चौकोनी टिन घेण्यापूर्वी त्याचा कर्ण मोजा. ८ इंची चौकोनी टिनचा कर्ण ११ इंचांहून जास्त असतो. टिन आत मावतो, पण थाळी फिरताना कोपरे भिंतीला अडतात.

कुकर किंवा कढई : कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी मीठ किंवा वाळूचा थर द्यायचा, त्यावर स्टँड ठेवून १० मिनिटे तापवायचे, ही पद्धत अनेक घरांत आहे. कुकर कोरडा तापवणे चालेल का, हे आधी त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा. नसेल तर जाड बुडाची कढई आणि घट्ट झाकण घ्या. टिनभोवती बोटभर जागा हवी. इथे उष्णता मुख्यतः खालून येते, म्हणून ६ किंवा ७ इंचांचा टिन आणि कमी जाडी हेच सोयीचे. मंद ते मध्यम आचेवर ४० ते ५० मिनिटे लागू शकतात.

ओव्हन लहान असेल आणि केक दोन खेपांत भाजायचा असेल, तर मिश्रणही दोनदा करा. दही-सोडा किंवा व्हिनेगर-सोडा घातलेल्या अंड्याविना केकमध्ये ओले झाल्याबरोबर वायू तयार व्हायला लागतो. फेटलेल्या अंड्यांतली हवाही ओट्यावर टिकत नाही. पहिली खेप भाजेपर्यंत दुसऱ्या खेपेचे मिश्रण थांबले, तर तो केक कमी फुगतो.

केक झाला, हे कसे ओळखायचे?

घड्याळ फक्त तपासायला कधी लागायचे ते सांगते. झाला की नाही, हे केकच सांगतो.

- कडा टिनपासून किंचित सुटलेल्या दिसतात.
- मध्यभागी बोटाने हलके दाबले की खड्डा राहत नाही, केक परत वर येतो.
- मध्यभागी खुपसलेली टूथपिक कोरडी किंवा एखाद-दुसरा कण लागून बाहेर येते. ओले मिश्रण लागले तर आणखी ५ मिनिटे.
- स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ ते ९९ अंश सेल्सिअस दिसायला हवे.

पहिल्या दोन तृतीयांश वेळेत दार उघडू नका. तापमान उतरते आणि न सेट झालेला मध्यभाग बसतो. जाड केकसाठी टूथपिक आखूड पडते. तिथे लांब काडी किंवा विणकामाची स्वच्छ सुई वापरा. मध्यभागी कच्चा राहिलेला केक 'चालेल' म्हणून वाढू नका. कच्चे अंडे आणि कच्चा मैदा, दोन्हींतून पोटाचा संसर्ग होऊ शकतो. लहान मुले आणि ज्येष्ठांना त्याचा त्रास अधिक होतो.

ऑर्डर घेणाऱ्यांनी हिशेब कसा करावा?

"ताई, ६ ऐवजी ८ इंचांचा करा ना, दोनच इंच तर वाढतायत. दोनशे रुपये जास्त घ्या." हा संवाद घरगुती केक करणाऱ्यांच्या ओळखीचा असेल. समजा ६ इंचांच्या केकला २५० रुपयांचे साहित्य लागते. ८ इंचांत तेच साहित्य १.७८ पट, म्हणजे ४४५ रुपयांचे होते. वाढवून मिळालेल्या २०० रुपयांपैकी १९५ रुपये साहित्यातच गेले. मोठा बोर्ड, मोठा बॉक्स, जास्तीची वीज आणि सजावटीचा वेळ, हे सगळे फुकट.

म्हणून इंचांवर नव्हे, तर साहित्याच्या पटीवर दर ठरवा. मिश्रण आणि क्रीमच्या खर्चाला वरच्या यादीतल्या आकड्याने गुणा, बॉक्स आणि बोर्डचा नवा खर्च धरा आणि त्यावर मेहनताना वेगळा लावा. बाजारात ऑर्डर किलोवर घेतली जाते. अर्ध्या किलोला ६ इंचांचा आणि एक किलोला ७ ते ८ इंचांचा टिन अशी साधारण पद्धत आहे. पण हे वजन क्रीम आणि साखरपाण्यासकट तयार केकचे असते. आपल्या टिनमध्ये, आपल्या पाककृतीने तयार केक किती वजनाचा होतो, हे एकदा काट्यावर ठेवून पाहिले की ग्राहकाला ठामपणे सांगता येते.

उंच केक हवा असेल तर एकाच खोल टिनचा आग्रह सोडा. तेच मिश्रण सारख्या आकाराच्या दोन टिनमध्ये वाटले, तर प्रत्येक थर लवकर आणि सारखा भाजतो, वरचा डोंगर कापून टाकावा लागत नाही आणि मध्ये कापायची गरजही उरत नाही.

शेवटी एक छोटी सवय. प्रत्येक टिनच्या तळाला बाहेरून चिकटपट्टी लावून त्यावर इंच आणि मिलिलिटर लिहून ठेवा आणि भाजायच्या आधी ती काढा. किंवा हे आकडे मोबाइलमध्ये नोंदवा. त्याच्या बाजूला आपल्या ओव्हनमध्ये त्या टिनला किती मिनिटे लागली, हेही लिहा. कारण १८० अंशांवर लावलेला प्रत्येक ओव्हन आतून १८० अंशच असतो, असे नाही. चार-पाच केकनंतर ही नोंद कोणत्याही पाककृतीतल्या वेळेपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाची ठरेल.